आर-स्क्वेअर ०.९९९३ आला, तरी उत्तर ३० टक्के चुकू शकतं

ॲनालिटिकल केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, ग्राफच्या कोपऱ्यात आर-स्क्वेअरची किंमत लिहिलेली असते. बिंदू रेषेला किती चिकटून आहेत ते सांगणारा हा आकडा, सगळे रेषेवरच पडले तर १. तिच्यात तीन-चार नऊ दिसले की विद्यार्थी निर्धास्त होतात, आणि तपासणारेही पुढचं पान उलटतात. मला हे फार खटकतं. ग्राफ काढणं हा काही प्रॅक्टिकलचा हेतू नसतो. समोरच्या बाटलीतल्या पाण्यात लोह किती आहे, हा मूळ प्रश्न असतो, आणि त्या आकड्यावर किती विसंबायचं हे आर-स्क्वेअर सांगत नाही. ते कशावरून कळतं, ते एकाच प्रयोगाचे आकडे घेऊन बघू.

प्रयोग बीएस्सीपासून ओळखीचा आहे: फेनॅन्थ्रोलीन वापरून पाण्यातलं लोह. हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडने सगळं लोह फेरस अवस्थेत आणायचं, ॲसिटेट बफर घालायचा, मग फेनॅन्थ्रोलीन. नारिंगी-लाल रंग येतो आणि ५१० नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावणाने किती प्रकाश अडवला त्याचं माप, घ्यायचा. स्टॉकसाठी, म्हणजे मूळ दाट द्रावणासाठी, ०.७०२२ ग्रॅम मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) थोड्या सल्फ्युरिक ॲसिडसह १ लिटरमध्ये विरघळवलं की १०० मिग्रॅ/लि लोह मिळतं. त्यातले १, २, ३, ४, ५ मिली प्रत्येकी १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेतले की १ ते ५ मिग्रॅ/लि अशी पाच स्टँडर्ड तयार. शिवाय ब्लँक, म्हणजे लोह सोडून बाकी सगळं घातलेलं द्रावण.

यंत्राला लोह कळत नाही, ते फक्त किती प्रकाश अडला एवढं सांगतं. त्या आकड्यावरून लोहाकडे जायचं तर आधी माहीत असलेल्या नमुन्यांवरून दोघांचं नातं ठरवावं लागतं. कॅलिब्रेशन म्हणतात ते याला. समजा रीडिंग अशी आली:

० मिग्रॅ/लि: ०.००४
१ मिग्रॅ/लि: ०.२०१
२ मिग्रॅ/लि: ०.४०५
३ मिग्रॅ/लि: ०.५९७
४ मिग्रॅ/लि: ०.८०२
५ मिग्रॅ/लि: ०.९९५

लीस्ट स्क्वेअर्सने रेषा बसवली की स्लोप (रेषेचा उतार) ०.१९८६ आणि इंटरसेप्ट (शून्य लोहाला रेषेची उंची) ०.००४२ येतो. म्हणजे ॲब्सॉर्बन्स = ०.१९८६ × लोह + ०.००४२. लीस्ट स्क्वेअर्स म्हणजे काय, तर प्रत्येक बिंदू रेषेपासून उभ्या दिशेत किती दूर पडला ते मोजायचं, त्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि ही बेरीज कमीत कमी येईल अशी रेषा निवडायची. या अंतराला रेसिड्युअल म्हणतात. इथे ते क्रमाने −०.०००२, −०.००१८, +०.००३६, −०.००३०, +०.००३५, −०.००२१ आहेत. वजा, वजा, अधिक, वजा, अधिक, वजा. चिन्हांना काही क्रम नाही, आणि आकारही साधारण एकाच पट्टीतले. पिपेटिंग, क्युव्हेट (नमुना ठेवायची पारदर्शक कुपी) पुसणं, यंत्राची थरथर यांतून येणारी चूक अशीच विस्कळीत दिसते. आर-स्क्वेअर इथे ०.९९९९ आहे आणि इथे तो योग्यही आहे.

आता तोच प्रयोग १० मिग्रॅ/लिपर्यंत ताणू. समजा ०, २, ४, ६, ८, १० या स्टँडर्डना रीडिंग आली ०.००३, ०.४०२, ०.७९६, १.१७८, १.५४५, १.८९२. रेषा बसवा. आर-स्क्वेअर ०.९९९३. व्हायवाला कुणी हरकत घेणार नाही. पण रेसिड्युअल काढून बघा: −०.०१९, +०.००१, +०.०१६, +०.०१९, +०.००८, −०.०२४. दोन्ही टोकं रेषेखाली, मधले चारही वर. बिंदू वाकलेल्या वाटेने चालले आहेत आणि आपण त्यांच्यावर सरळ रेषा लादली आहे.

वाक येतो कुठून? ॲब्सॉर्बन्स १ म्हणजे १० टक्के प्रकाश पार झाला, २ म्हणजे फक्त १ टक्का. यंत्रात इकडचा तिकडचा भटका प्रकाश ०.३ टक्के जरी डिटेक्टरवर पडत असला, तरी १० टक्क्यांपुढे तो नगण्य असतो आणि १ टक्क्यापुढे मात्र मोठा. खरा ॲब्सॉर्बन्स २.०० असेल तर असं यंत्र १.८९ दाखवेल. ॲब्सॉर्बन्स कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणात वाढतो, हा बिअर-लँबर्टचा नियम तिथे मोडलेला नाही. यंत्राला तेवढ्या अंधारात नीट दिसत नाही, इतकंच.

नुकसान कुठे होतं ते विद्यार्थ्यांना सहसा उमगत नाही. वाक वरच्या टोकाला आहे, म्हणून चूकही वरच्याच टोकाला असेल असं वाटतं. पण वरचे बिंदू खाली वाकले की ते रेषेचा उतार कमी करतात आणि रेषेचं खालचं टोक वर उचललं जातं. या दुसऱ्या रेषेचा इंटरसेप्ट ०.०२२५ आहे, प्रत्यक्षात ब्लँक वाचतो ०.००३. आता एका विहिरीच्या पाण्याचा ॲब्सॉर्बन्स ०.०६० आला असं धरा. या रेषेवरून लोह निघतं ०.२० मिग्रॅ/लि. फक्त ०, २ आणि ४ ची स्टँडर्ड ठेवून रेषा पुन्हा काढा, तेच पाणी ०.२८ दाखवतं. एकच पाणी, एकच रीडिंग, आणि उत्तरात ३० टक्क्यांची तफावत. तीही ०.९९९३ च्या पंखाखाली.

म्हणून माझा आग्रह आहे की जर्नलमध्ये कॅलिब्रेशन ग्राफच्या खाली रेसिड्युअलचा छोटा ग्राफ असलाच पाहिजे. काढायला पाच मिनिटं लागतात. औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी लागली की आयसीएच या औषधांसाठी निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू-२ मार्गदर्शक सूचनांशी गाठ पडतेच. लिनिॲरिटीसाठी, म्हणजे नातं सरळ रेषेतलं आहे हे दाखवायला, किमान पाच कॉन्सन्ट्रेशन त्यांत अपेक्षित आहेत, आणि कोरिलेशन कोएफिशिअंटच्या जोडीला स्लोप, इंटरसेप्ट आणि रेसिड्युअलचाही विचार. कॉलेजात सवय लागली तर तिथे अडायला होत नाही.

एक्सेलमधल्या ‘इंटरसेप्ट शून्य करा’ या चौकटीबद्दलही सांगायला हवं. ब्लँकला शून्य लोह आहे, म्हणून रेषा शून्यातून गेलीच पाहिजे, असं म्हणून अनेकजण तिथे टिक करतात. ब्लँक हाही एक मोजलेला बिंदू आहे आणि त्यालाही चूक आहे. शिवाय शून्यातून जबरदस्तीने नेलेल्या रेषेचा आर-स्क्वेअर वेगळ्या सूत्राने निघतो, त्यामुळे तो वाढला तरी रेषा सुधारली असा अर्थ होत नाही. इंटरसेप्ट शून्यापेक्षा खरोखर वेगळा आहे का, हे त्याच्या स्टँडर्ड एररशी (त्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेशी) ताडून ठरवा.

रेसिड्युअलसुद्धा सगळं पकडत नाहीत. मोहर सॉल्ट वजन करताना १० टक्के कमी घेतलं गेलं, तर पाचही स्टँडर्ड सारख्याच प्रमाणात पातळ होतील. बिंदू एका ओळीत, रेसिड्युअल विस्कळीत, आर-स्क्वेअर झकास, आणि प्रत्येक अननोनचं, म्हणजे मोजायच्या नमुन्याचं, उत्तर खऱ्यापेक्षा जास्त. रेषेला स्वतःच्या आतली विसंगती तेवढी दिसते, संपूर्ण रेषाच सरकली असेल तर तिला ते कळायला मार्ग नाही.

या प्रयोगात मात्र त्यावर एक सुंदर उपाय आहे. फेरस-फेनॅन्थ्रोलीन कॉम्प्लेक्सची मोलर ॲब्सॉर्प्टिव्हिटी सुमारे ११,१०० लिटर प्रति मोल प्रति सेंटीमीटर आहे. तिला लोहाच्या अणुभाराने, मिलिग्रॅममध्ये म्हणजे ५५,८४५ ने, भागा. उत्तर ०.१९९. १ सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये दर मिग्रॅ/लि लोहामागे एवढा ॲब्सॉर्बन्स यायला हवा. आपल्या पहिल्या रेषेचा स्लोप ०.१९८६ होता, म्हणजे स्टॉक ठीक आहे. तो ०.१८० आला असता तर आर-स्क्वेअर काहीही असो, नवं वजन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जिथे असा सैद्धांतिक आकडा हाताशी नसतो, तिथे वेगळ्या बाटलीतून, शक्यतो वेगळ्या माणसाने बनवलेलं एक चेक स्टँडर्ड अननोनसारखं वाचायचं.

आता अननोनकडे. पहिल्या रेषेवर एका नमुन्याची तीन रीडिंग घेतली, सरासरी ०.४३८. लोह २.१८ मिग्रॅ/लि. बहुतेक जर्नल इथेच संपतात. पण २.१८ म्हणजे २.१७ ते २.१९, की २.० ते २.४? हे सांगितल्याशिवाय उत्तर अर्धंच आहे.

त्यासाठी आधी रेषेभोवती बिंदू सरासरी किती विखुरले आहेत ते काढू. रेसिड्युअलच्या वर्गांची बेरीज भागिले (बिंदूंची संख्या वजा २), आणि त्याचं वर्गमूळ. वजा २ का, तर सहा बिंदूंतून स्लोप आणि इंटरसेप्ट अशा दोन गोष्टी आपण आधीच काढून घेतल्या, उरली चार. आपल्या आकड्यांवर हे ०.००३२ येतं. एक्सेलमध्ये एसटीईवायएक्स हे फंक्शन नेमकं हेच देतं. याला स्लोपने भागलं की ॲब्सॉर्बन्समधला विखुरलेपणा लोहाच्या भाषेत येतो: ०.०१६ मिग्रॅ/लि.

याला एका वर्गमुळाने गुणायचं असतं आणि त्या मुळाखाली तीन तुकडे असतात. पहिला तुकडा म्हणजे १ भागिले अननोनची रीडिंग, इथे १/३. दुसरा १ भागिले स्टँडर्डची संख्या, इथे १/६. तिसरा अननोन कुठे पडतो त्यावर अवलंबून. स्टँडर्डच्या मध्याशी असेल तर जवळपास शून्य, आणि टोकाकडे जावं तसा वाढत जाणारा. म्हणूनच रेषेभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा डमरूसारखा दिसतो, कमरेत बारीक आणि दोन्ही तोंडांशी रुंद. आपला नमुना कमरेजवळ आहे, तिसरा तुकडा अवघा ०.००६. सगळं मिळून ०.०१२ येतं. वर उरलेल्या चारला डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणतात. चार डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी ९५ टक्के खात्रीचा कोष्टकातला गुणक, म्हणजे टी, २.७७६, त्याने गुणलं की ०.०३. उत्तर झालं २.१८ ± ०.०३ मिग्रॅ/लि. रीडिंग एकच घेतलं असतं तर ± ०.०५.

मग रीडिंग वाढवत नेली तर? सहा घेतली तर ०.०२६, दहा घेतली तर ०.०२४. पुढे कितीही घ्या, ०.०१९ च्या खाली जाता येत नाही, कारण पहिला तुकडा शून्याकडे गेला तरी १/६ जागच्या जागी आहे. त्यापुढे सुधारणा हवी असेल तर स्टँडर्ड वाढवायला हवीत. शिवाय एकच क्युव्हेट न हलवता तीनदा बटण दाबणं म्हणजे तीन रीडिंग नव्हेत. त्याने यंत्राची थरथर तेवढी कळते. पिपेटिंगची, रंग तयार होण्यातली चूक मोजायची तर नमुना तीनदा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

याच रेषेवर दुसरा नमुना घ्या, तीन रीडिंगची सरासरी ०.०३०. उत्तर ०.१३ मिग्रॅ/लि. हा डमरूच्या तोंडाशी आहे, त्यामुळे ± ०.०४. पहिल्या नमुन्यात दीड टक्क्याची अनिश्चितता होती, इथे तीस टक्क्यांहून जास्त. रेषा तीच, यंत्र तेच, हात तोच. डिटेक्शन लिमिट आणि क्वांटिटेशन लिमिट या कल्पना इथूनच निघतात. रेषेभोवतीचा विखुरलेपणा भागिले स्लोप, त्याची ३.३ पट म्हणजे डिटेक्शन लिमिट, १० पट म्हणजे क्वांटिटेशन लिमिट. आपल्याकडे ०.०५ आणि ०.१६. मग ०.१३ कुठे बसलं? दोन्हींच्या मध्ये. लोह आहे हे ठामपणे म्हणता येतं, किती आहे हे ठामपणे म्हणता येत नाही. अहवालात तसंच लिहायचं. अचूक आकडा हवाच असेल तर ० ते ०.५ च्या टप्प्यात नवी स्टँडर्ड करा किंवा ५ सेंटीमीटरचा क्युव्हेट वापरा. उलट नमुना ५ मिग्रॅ/लिच्या वर गेला तर रेषा पुढे ओढू नका, नमुना डायल्यूट करा.

टीचं कोष्टक आपण यंत्रवत वापरतो, म्हणून त्याच्या जन्माबद्दल दोन शब्द. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणारा रसायनशास्त्र शिकलेला माणूस. त्याच्या हाती नेहमी थोडीच मापं असायची, आणि त्या वेळचं संख्याशास्त्र भरपूर मापांसाठी बेतलेलं होतं. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आपलं उत्तर छापलं. तीन-चार मापांवरून स्टँडर्ड डेव्हिएशन काढली तर तीच मुळात डळमळीत असते, त्यामुळे गुणक मोठा घ्यायला हवा, असं त्याचं सार. किती मोठा? २.१६, २.१८, २.२० या तीन उत्तरांची स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०२. सवयीने २ ने गुणून तीनच्या वर्गमुळाने भागलं तर ± ०.०२. पण तीन मापांना टी ४.३०३ आहे, म्हणजे खरी अनिश्चितता ± ०.०५. आपली अडचणही नेमकी गॉसेटचीच असते, प्रॅक्टिकलच्या वेळेत तीनच रीडिंग होतात.

तीन रीडिंगचा विषय निघालाच आहे तर क्यू टेस्टबद्दल. वेगळा पडलेला आकडा वगळायचा की ठेवायचा, हे ती ठरवते. संशयास्पद आकडा आणि त्याचा शेजारी यांतलं अंतर भागिले सगळ्यांत मोठं वजा सगळ्यांत लहान. २.१७, २.१८, २.१९, २.३१ यांत ते ०.१२ भागिले ०.१४, म्हणजे ०.८६. चार मापांसाठी ९५ टक्क्यांची मर्यादा ०.८२९, म्हणून २.३१ वगळता येईल. पण २.१८, २.१८, २.२५ घ्या. अंतर ०.०७, विस्तारही ०.०७, क्यू बरोबर १. तीन मापांची मर्यादा ०.९७०, म्हणजे २.२५ बाद! दोन आकडे योगायोगाने सारखे आले की तिसरा कितीही जवळ असो, ही टेस्ट त्याला हाकलूनच लावते. तीन मापांवर ती लावूच नये. चौथं माप घ्या. आणि फ्लास्क सांडला, बुडबुडा होता असं कारण वहीत नोंदलेलं असेल तर आकडा वगळायला कुठल्याच टेस्टची गरज नसते.

आतापर्यंत आपण गृहीत धरलं की नमुन्यातलं लोह आणि डिस्टिल्ड वॉटरमधल्या स्टँडर्डचं लोह सारखंच वागतं. सांडपाण्यात तसं नसतं. फॉस्फेट रंग दाबतं, झिंक किंवा कॉपर जास्त असेल तर ते फेनॅन्थ्रोलीन स्वतःकडे ओढतं. अशा वेळी नमुन्यातच ठरावीक लोह घालत जायचं आणि त्या रेषेचा स्लोप बघायचा. समजा ब्लँक वजा केल्यावर नमुन्याचं रीडिंग ०.१४६ आहे. नेहमीच्या रेषेने लोह ०.७४. पण लोह घालून बघितल्यावर स्लोप ०.१७० निघाला, तर खरं उत्तर ०.१४६ भागिले ०.१७०, म्हणजे ०.८६. स्टँडर्ड ॲडिशन ती हीच. तिची मर्यादाही ध्यानात ठेवा. नमुना मुळातच गढूळ किंवा पिवळसर असेल, तर तो जास्तीचा ॲब्सॉर्बन्स प्रत्येक बिंदूत सारखाच मिसळतो, स्लोप बदलत नाही आणि चूक तशीच राहते. त्यासाठी फेनॅन्थ्रोलीन न घातलेला नमुना वेगळा वाचून वजा करावा लागतो.

हे सगळं एवढं तपशिलात का करायचं, याचं उत्तर यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बोअरवेलच्या पाण्यात आहे. तिथे प्रश्न लोहापेक्षा फ्लोराइडचा. आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड १.० मिग्रॅ/लिपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. फ्लोराइड बहुधा इलेक्ट्रोडने मोजतात. तिथे कॅलिब्रेशन लॉग पट्टीवर असतं आणि २५ अंश सेल्सिअसला कॉन्सन्ट्रेशन दहापट झालं की पोटेन्शिअल सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतं. यातून एक गोष्ट ओघाने येते: रीडिंगमध्ये १ मिलिव्होल्टची चूक म्हणजे उत्तरात सुमारे ४ टक्क्यांची चूक. एका बोअरचं उत्तर १.४६ आलं. मीटर १ मिलिव्होल्टने इकडे हलला असता तर तेच पाणी १.५२ ठरलं असतं. अहवालात नुसतं १.४६ लिहिलं तर ग्रामपंचायत ते मर्यादेच्या आत समजून पाणी सुरू ठेवते. १.४६ ± ०.०६ असं लिहिलं तर पलीकडचा माणूस विचारतो की आता काय करायचं, आणि तेव्हा प्रयोगशाळेला सांगता येतं: त्याच बोअरचा नमुना परत घ्या, १ आणि २ मिग्रॅ/लिची ताजी स्टँडर्ड दोन्ही बाजूंना ठेवून वाचा, आणि तोवर या पाण्याला सुरक्षित म्हणू नका.